वाढत्या अंगाचा पीटर : स्पायडर-मॅनच्या संपादकांस खुले पत्र

प्रति,
संपादक मंडळ,
'द अमेझिंग स्पायडर-मॅन' मासिक,
न्यूयॉर्क.

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितोय, कारण मला दुसऱ्या भाषेत नीट रागावता येत नाही. तुमच्या कार्यालयात हे वाचणारं कुणी असेल असं वाटत नाही. पण तुमचे अंक वाचणारे सोलापुरात आहेत, पुण्यात, नागपुरात आहेत, ते वाचतील. खुलं पत्र तसंही पत्त्यावरच्या माणसापेक्षा शेजारपाजारच्यांसाठीच असतं.

माझा शाळेचे गणवेश शिवायचा छोटा कारखाना आहे. बारा मशीन. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, पण आता इथली बरीच घरं गणवेशावर चालतात. मार्च ते जून आम्हाला जेवायला फुरसत नसते. या दिवसांत एक वाक्य पन्नास वेळा कानावर पडतं, "मास्तर, वाढत्या अंगाचं शिवा." म्हणजे पँटच्या पायाला आतून दोन इंच कापड दुमडून ठेवायचं. पुढच्या जूनला उसवलं की पोरगं त्याच पँटीत आणखी एक वर्ष काढतं. उसवल्यावर जुन्या घडीची एक रेघ उरते, बाकी कापड विटलेलं आणि तेवढी दोन बोटं नवी. ती रेघ दिसली की समजायचं, पोरगं वाढलं. हे आधीच सांगतो, कारण माझं तुमच्याशी भांडण आहे ते या रेघेवरून.

स्पायडर-मॅन आमच्याकडे आला तो रद्दीतून. साल 1984, मी तेरा वर्षांचा. माझा मित्र पूर्व भागातला, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि इंग्रजी माझ्यापेक्षा चार आणे जास्त. त्याचा मामा भिवंडीला लूमवर होता. तिकडे परदेशी रद्दीचे गठ्ठे यायचे, त्यातून चित्रांची पुस्तकं तो भाच्यासाठी काढून ठेवायचा. कव्हर नसलेली, कधी शेवटची चार पानं नसलेली. शेवट नसला की आम्ही आमचा करायचो. मित्राचे शेवट चांगले असायचे. माझ्या शेवटात सगळ्यांना अटक व्हायची.

तोवर आमचा देव वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम. मधल्या मारुतीजवळ एक जण पुस्तकं भाड्याने द्यायचा, तिथून मराठी इंद्रजाल आणायचे आणि चुरगळू न देता संध्याकाळी परत करायचे. वेताळ जंगलात राहायचा, कवटीच्या गुहेत, सोन्याच्या खजिन्यात. त्याला भाडं नाही, परीक्षा नाही, डोकं दुखत नाही. त्याच्यासमोर हा न्यूयॉर्कचा पोरगा, स्पायडर-मॅन म्हणजेच पीटर पार्कर, आला तेव्हा आम्हाला आधी हसूच आलं. चष्मा, हाडकुळा, कुणी खेळायला घेत नाही. ऑगस्ट 1962 मध्ये लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांनी त्याला पहिल्यांदा छापला, तोही बंद पडत आलेल्या एका मासिकाच्या शेवटच्या अंकात, किंमत बारा सेंट. हे सगळं मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळलं की याचा काका याच्याच चुकीने मेला, आणि घरात आता हा आणि म्हातारी काकू, दोघंच.

मार्च 1963 मध्ये तुमच्या मासिकाचा पहिला अंक निघाला. त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या आजच्या लेखकांनी रोज सकाळी वाचाव्यात. एक, पीटर वेश घालून कार्यक्रम करतो आणि त्याला चेक मिळतो, स्पायडर-मॅनच्या नावाचा. तो बँकेत जातो. खिडकीवरचा माणूस ओळखपत्र मागतो. याच्याकडे अंगावरचा पोशाख सोडून काही नाही, आणि पोशाख काय, कुणीही घालेल. चेक वटत नाही. आम्ही दोघं गडाबडा लोळून हसलो होतो. दुसरी गोष्ट, भाडं थकलंय म्हणून मे काकू आपले दागिने गहाण टाकायला जाते. तिथे मित्र हसला नाही.

त्याची आई विड्या वळायची. दुपारी उंबऱ्याशी बसायची, मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू. बोटं चालू, डोळे रस्त्यावर. हजार विड्या झाल्याशिवाय उठायची नाही. त्या वर्षी तिच्या कानातलं गेलं होतं. कुठे गेलं ते घरात कुणी बोलत नव्हतं, आणि मित्राला ते न्यूयॉर्कच्या पुस्तकात सापडलं. सगळी पुस्तकं तो माझ्याकडे ठेवायचा, ते एक त्याने आपल्याकडे ठेवलं.

म्हणून सांगतो, आम्हाला हा माणूस उड्यांमुळे आवडला नव्हता. उड्या सगळेच मारतात. हा आपला पोशाख आपण शिवायचा. फाटला की खोलीचं दार लावून सुई-दोरा घेऊन बसायचा. दुसऱ्या कुठल्या हिरोला मी टाके घालताना पाहिलेलं नाही. (धंद्यातला माणूस म्हणून एक शंका अजून आहे. लाल भागावरच्या त्या काळ्या जाळीचं काम एकट्याने, हाताने, एका रात्रीत होत नाही. पण सोळा वर्षांच्या पोराला तेवढं माफ.)

आणि तो वाढायचा. याचं श्रेय तुमच्याच जुन्या लोकांना आहे. 28व्या अंकात, 1965 साली, तो शाळा पास होऊन बाहेर पडला आणि पुढे कॉलेजात गेला. 33व्या अंकात तो लोखंडी यंत्राच्या ढिगाखाली अडकतो, वरून पाणी झिरपतंय, आणि काकूला वाचवणारं औषध समोर पडलंय, हात पुरत नाही एवढ्या अंतरावर. डिटकोने ते पानापानाने ताणलंय. चौकटी मोठ्या होत जातात, ढीग बोटभर उचलतो, पुन्हा बसतो, आणि मग एका अख्ख्या पानावर तो उभा राहतो. मित्र हे पान मला वाचून दाखवायचा तेव्हा स्वतः भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. 1973 साली 121व्या अंकात त्याची प्रेयसी ग्वेन पुलावरून पडली. पीटरच्या जाळ्याने तिला पकडलं, आणि त्याच चौकटीत तिच्या मानेपाशी एक बारीकसा आवाज छापलेला आहे. तिला पडण्याने मारलं की त्याच्या पकडण्याने, यावर आम्ही सिद्धेश्वर तलावाच्या कट्ट्यावर दोन उन्हाळे भांडलो. ग्वेन मेली ती मेली. पुढचा पीटर वेगळा झाला. कापड उसवलं, रेघ राहिली.

1987 साली त्याचं मेरी जेनशी लग्न झालं. तुम्ही तर ते खरोखरच्या मैदानात, न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये, बेसबॉलच्या सामन्याआधी माणसं नटवून लावलंत आणि स्टॅन लीने ते लावून दिलं. आम्हाला ही बातमी कळायला दोन वर्षं लागली. आमच्याकडे सगळं उशिरा पोचायचं, पण पोचायचं.

आता तक्रारीकडे येतो.

1995 साली तुमचा चारशेवा अंक आला. मित्र तेव्हा मुंबईत नोकरीला होता, फोर्टच्या फुटपाथवर त्याला तो मिळाला. त्यात मे काकू जाते. आधी ती पीटरबरोबर एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या गच्चीवर जाते आणि सांगते की तू कोण आहेस ते मला केव्हापासून ठाऊक आहे. मग घरी, आपल्या बिछान्यात, पोरगा आणि सून जवळ असताना डोळे मिटते. कुणी खलनायक नाही, स्फोट नाही. त्या काळात तुमचा क्लोनचा घोळ चालू होता, कोण खरा पीटर आणि कोण नकली हे दोन वर्षं कुणाला समजत नव्हतं, विकलं जातंय म्हणून तुम्ही ताणत होतात. त्या चिखलात हा एक अंक कमळासारखा होता. तिकडे क्लोन चालू होते तेव्हा इकडे माझ्या वडिलांची मिल बंद झाली आणि घरातलं घड्याळच गेलं, कारण आम्ही भोंग्यावर उठायचो. पण ते असो.

पुढच्या हिवाळ्यात मित्राची आई गेली. दिवस झाल्यावर तो रात्रीच्या गाडीने परत निघाला, तेव्हा स्टेशनवर त्याने पिशवीतून तो अंक काढून मला दिला. "वाच. नीट लिहिलंय," एवढंच म्हणाला.

आणि 1998 साली तुम्ही जाहीर केलंत की मेली ती मे काकू नव्हतीच. ती एक नटी होती. तिचं रूप बदलून खलनायकाने तिला घरात आणून ठेवलं होतं. खरी काकू कैदेत होती, आता परत आली, टाळ्या.

मी हे मित्राला फोनवर सांगितलं. तेव्हा एसटीडीच्या बूथवर मिनिटाला पैसे पडायचे. बराच वेळ तो काही बोलला नाही आणि आकडे पळत राहिले. मग म्हणाला, "नटी?" त्यानंतर त्याने स्पायडर-मॅन वाचला नाही. तुम्ही गमावलेला हा एक वाचक, तुमच्या कुठल्याच विक्रीच्या तक्त्यात दिसायचा नाही. त्याने तुमचा अंक कायम फुटपाथवरूनच घेतला होता.

मी वाचत राहिलो. माझा स्वभाव चिवट आहे. 2007 साली तुम्ही त्याच काकूला गोळी घातलीत. डॉक्टर हात टेकतात, पीटर दारोदार फिरतो, आणि शेवटी एक सैतान येऊन सौदा मांडतो, काकू जगेल, बदल्यात तुमचं लग्न द्या. पैसा नको, आत्मा नको, लग्न हवंय. आणि पीटर ते देतो. सकाळी उठतो तर काकू ठणठणीत, बायको नाही, आणि झालेलं लग्न जगात कुणाच्या लक्षात नाही. मी हे 2008 मध्ये सात रस्त्याजवळच्या एका सायबर कॅफेत वाचलं. माझ्या लग्नाला दहा वर्षं झाली होती. घरी गेलो तेव्हा बायकोने विचारलं, चेहरा का पडलाय? काय सांगणार?

या कथेच्या लेखकानेच शेवटच्या दोन अंकांवरून माझं नाव काढा म्हटलं होतं. म्हणजे शिवणाऱ्यालाही कळत होतं की माप चुकलंय.

तुमची बाजू मला माहीत आहे. लग्न झालेला पीटर म्हातारा वाटतो, तरुण वाचकाला तो आपला वाटत नाही, असं तुमच्याकडून अनेकदा सांगितलं गेलंय. तर मी तेरा वर्षांचा असताना तो कॉलेजात होता, भाडं भरत होता, मला तो परका वाटला नाही. उलट वाटायचं की, अच्छा, पुढे असं असतं तर. पोरांना आपल्याएवढीच पोरं बघायला आवडतात हा मोठ्यांचा गैरसमज आहे. आमच्या दुकानात पोरगं येतं, त्याला आपल्या मापाची पँट नको असते, दादाची हवी असते.

आणि वेताळाचं काय? ती वेगळ्या कंपनीची शेती, असं तुम्ही म्हणाल. पण बघा. 1936 साली सुरू झालेल्या वेताळाने लग्नाला एकेचाळीस वर्षं लावली. 1977 साली डायनाशी लग्न केलं, दोन वर्षांनी जुळी झाली, एक मुलगा, एक मुलगी. सैतान आला नाही. पहाट झाल्यावर डायना गायब झाली नाही. वेताळाची सगळी गोष्टच मुळी यावर उभी आहे की बाप मरतो आणि पोरगा कवटीवर हात ठेवून शपथ घेतो. आमचा वेताळ एकविसावा आहे. वीस बाप मेले तरी जंगलाला वाटतं तो अमर आहे. तुम्ही एकालाच जिवंत ठेवायला गेलात आणि त्याला ना धड जगू दिलंत, ना म्हातारा होऊ दिलंत.

अंकांच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. 1999, 2014, 2015, 2018, 2022, 2025. सहा वेळा तुम्ही पुन्हा 'अंक पहिला' छापलात. मध्येच शंभरी जवळ आली की जुना हिशेब आठवतो, मग पाचशेवा, सातशेवा, आठशेवा, नऊशेवा असे सोहळे. आम्हीही पाडव्याला नवी वही घालतो. पण पहिल्याच पानावर मागची बाकी ओढतो. बाकी न ओढता दरवेळी कोरी वही घालणाऱ्या माणसाला सोलापूरच्या बाजारात कुणी उधारीवर दोरा देत नाही.

2022 पासूनच्या अंकांबद्दल मी लिहिणार नव्हतो, पण माझ्या मुलीने लिहायला लावलं. तिच्यापुरती गोष्ट अशी की तुमच्याकडे कमला खान नावाची सुपरहिरो मुलगी आहे, जर्सी सिटीची, पाकिस्तानी घरातली. 2014 मध्ये तिचं स्वतःचं मासिक आलं. घरात शिस्त, बाहेर वेगळं जग, अम्मी दाराशी वाट बघतेय. माझ्या मुलीने ते पाठ केलं होतं. कमला तिचा पीटर पार्कर होती, आणि मला त्याचं बरं वाटायचं. तर 2023 मध्ये तुमच्या मासिकाच्या 26व्या अंकात कमला मेली. त्या मालिकेत ती जेमतेम होती. इकडून तिकडून एखाद्या चौकटीत यायची. मेरी जेनला वाचवायला तिच्या रूपात पुढे झाली आणि मेली, आणि रडायला पीटर. मुलीने टॅबलेट माझ्यापुढे ठेवून विचारलं, "बाबा, ही मरायला ह्याच्या अंकात कशाला आली?" मला उत्तर सुचलं नाही. दोन महिन्यांत तुम्ही तिला दुसऱ्या मासिकात जिवंतही केलंत, म्हणजे मरणही धड दिलं नाहीत. त्याच कथेत मेरी जेन दुसऱ्या मितीत अडकून पॉल नावाच्या माणसाबरोबर संसार करून आली, दोन मुलं घेऊन. शेवटी ती मुलंही मंत्राची निघाली. नटी, सौदा, मंत्र. एकदा तरी सरळ टीप मारा हो.

तुमच्याकडून काहीच चांगलं झालं नाही असं मी म्हणत नाही. 2004 मध्ये तुम्ही मुंबईचा पवित्र प्रभाकर आणलात, धोतरातला स्पायडर-मॅन. धोतर नेसून भिंतीवर चढायचं कसं, यावर आमच्या कारखान्यात अर्धा तास चर्चा झाली. कटिंग मास्टरचं मत पडलं की काष्टा घट्ट असला तर जमेल.

आणि तुम्हाला चूक दुरुस्त करता येत नाही असंही नाही. वर्तमानपत्रात तेव्हा येणाऱ्या तुमच्याच चित्रपट्टीत 1 जानेवारी 2009 पासून पीटरचं लग्न पुसलं होतं. वाचकांनी आरडाओरडा केला. मे महिन्यात सांगितलं गेलं की ते सगळं स्वप्न होतं, आणि पीटर बायकोशेजारी जागा झाला. स्वप्न ही जगातली सगळ्यात जुनी, सगळ्यात आळशी पळवाट आहे. मला चालेल. माझी काही तक्रार नाही. मासिकातही उद्या पीटरला तसाच जागा करा, मी मोठेपणाने दुर्लक्ष करीन.

मागणी एवढीच आहे. सौदा रद्द करा. काकूचं वय झालंय, तिचं सुखाने होऊ द्या, आणि पुन्हा ती नटी होती म्हणू नका. पीटरच्या पायाला आतून कापड आहे, डिटकोने ठेवलेलं. उसवा.

जाता जाता एक सांगतो. जानेवारी 2024 मध्ये तुम्हीच वेगळ्या जगातला दुसरा स्पायडर-मॅन सुरू केलात. पस्तिशीचा पीटर, बायको मेरी जेन, दोन मुलं, दाढी. तो इतका खपला की पहिला अंक पुन्हा पुन्हा छापावा लागला. म्हणजे गिऱ्हाईक दारात उभं आहे, हे तुम्हालाही दिसलं.

मित्र आता सोलापुरातच असतो, पूर्व भागातलं जुनं घर बांधून काढलंय. गेल्या महिन्यात गड्डा यात्रेच्या गर्दीतून परतताना चहाला थांबलो, तेव्हा त्याला या नव्या पीटरबद्दल सांगितलं. तो ऐकत नव्हता असं मला वाटलं. मग कप खाली ठेवून म्हणाला,

"काकू?"

"नाही. ह्याच्यात बेन काका जिवंत आहे. मे काकू गेली."

"खरंच गेली ना?"

"खरंच गेली."

"नक्की? नटी नाही ना?"

नाही म्हटलं. त्याने टॅबलेट मागून घेतला. तीन आठवडे झाले, अजून परत दिलेला नाही.

आपला,
एक जुना वाचक,
साखर पेठ, सोलापूर